तोडलेला दुभाजक

नोकरीतली बरीच प्रकरणं आता एकमेकांत मिसळून गेली आहेत. कोणता आरोपी कोणत्या ठाण्यातला, हेही कधी कधी पटकन सांगता येत नाही. हे एक प्रकरण मात्र जसंच्या तसं समोर उभं राहतं. त्यात खून नव्हता, दरोडा नव्हता, वर्तमानपत्रात मोठा मथळाही आला नाही. कागदावर तो एक साधा अपघात होता, आणि अपघाताचे कागद आम्ही पोलीस किती झटपट पुरे करतो ते आमचं आम्हालाच ठाऊक. यातल्या कुणाचंही नाव मी देणार नाही. ती माणसं अजून त्याच भागात राहतात आणि बहुतेकांनी आपलं आयुष्य पुन्हा नीट लावून घेतलं आहे.

मी तेव्हा सोलापूरबाहेर, अक्कलकोटच्या बाजूला एका ग्रामीण पोलीस ठाण्याचा प्रभारी निरीक्षक होतो. आमच्या हद्दीतला रस्ता चौपदरी होऊन फार काळ लोटला नव्हता. रस्ता गुळगुळीत झाला, गाड्या सुसाट पळू लागल्या, आणि रस्त्याच्या दोन्ही अंगांना पसरलेली गावं मधोमध चिरली गेली. घर अलीकडे, शेत पलीकडे. शाळा पलीकडे, दवाखाना अलीकडे. मधे काँक्रीटचा दुभाजक, त्यात कण्हेरीची झाडं. पलीकडे जायचं तर अधिकृत वळणापर्यंत लांबचा वळसा. लोक वैतागलेले होते आणि त्यांचा वैताग खोटा नव्हता, हे आधीच सांगून टाकतो.

त्या सकाळी हजेरी आटोपून मी प्रलंबित गुन्ह्यांचे कागद बघत होतो. ठाणे अंमलदाराने येऊन सांगितलं, "साहेब, हॉटेलसमोरच्या कटवर अपघात. एक मयत, एक गंभीर." कट म्हणजे दुभाजकातली मोकळी जागा, आमच्याकडे सगळे तोच शब्द वापरतात. मी गाडी काढायला सांगत होतो तेवढ्यात फाटक्या शर्टातला एक पन्नाशीचा माणूस दारात येऊन उभा राहिला. ओठ फुटलेला, एक डोळा सुजलेला.

"साब, मीच तो ट्रकवाला," तो म्हणाला. "मी पळालो न्हाई. लोकांनी मारलं, मी मारून घेतलं. पण आधी त्या पोरीला जीपमंदी घातलं. ती वाचंल ना साब?"

सोलापूर शहरात राहणारा मुसलमान चालक, सिमेंटची पोती घेऊन अक्कलकोटकडे निघाला होता. अपघात करून पळणारे चालक मी आयुष्यभर पाहिले. त्यातले सगळे वाईट असतात असं नाही. जमावाच्या भीतीनेही माणूस पळतो. हा मार खाऊन स्वतः ठाण्यात आला, ही गोष्ट माझ्या मनात तेव्हाच जाऊन बसली.

झालं होतं ते असं. जवळच्या गावातली आशा सेविका आपल्या सासऱ्यांना मोतीबिंदू दाखवायला सोलापूरला घेऊन निघाली होती. गावात तिला सगळे आशाताई म्हणत, मीही तेच म्हणतो. स्कूटीवर पुढे ती, मागे म्हातारे सासरे. त्यांचं गाव रस्त्याच्या एका बाजूला आणि सोलापूरकडे जाणारी बाजू पलीकडे. हॉटेलसमोरच्या कटमधून पलीकडे जाण्यासाठी ती आडवी निघाली आणि सिमेंटचा ट्रक आला. चालकाने गाडी डावीकडे ओढली तरी मागच्या चाकाचा धक्का स्कूटीच्या मागच्या भागाला बसलाच. सासरे जागीच गेले. आशाताईच्या मांडीचं हाड मोडलं, पण डोक्याला काही झालं नाही, कारण तिने हेल्मेट घातलं होतं. ते हेल्मेट मी घटनास्थळी हातात घेऊन पाहिलं. कवटीला जायची ती चीर त्याला गेली होती.

दुपारी आशाताईचा नवरा, म्हणजे मयताचा मुलगा, फिर्याद द्यायला आला. तिशी उलटलेला, दणकट, उन्हाने काळवंडलेला. घटना घडली तेव्हा तो तिथे नव्हता, पण त्याने ठामपणे सांगितलं, "ट्रक लई जोरात हुता साहेब. ड्रायव्हरचं लक्षच नव्हतं. त्याला सोडू नका." बोलताना तो समोरच्या भिंतीकडे बघत होता. बाप गेलेल्या माणसाने कुठे बघावं याचा काही नियम नसतो, म्हणून मी त्याचा अर्थ काढला नाही. हयगयीने वाहन चालवून मृत्यूस कारणीभूत झाल्याचा गुन्हा दाखल झाला, चालकाला अटक झाली, यथावकाश जामीनही झाला. ट्रक ठाण्याच्या आवारात उभा राहिला. परवाना निलंबित करण्याचा प्रस्तावही तयार झाला. ट्रक त्याच्या मालकीचा नव्हता आणि परवान्याशिवाय दुसरी रोजीरोटी त्याच्याकडे नव्हती.

इथेच हे प्रकरण संपलं असतं. संपलं नाही, ते पंचनाम्यामुळे.

घटनास्थळाचा पंचनामा करायला मी स्वतः गेलो होतो. आमचे जुने हवालदार लिहून घेत होते. टायर घासल्याच्या काळ्या खुणा कटच्या बऱ्याच अलीकडून सुरू होत होत्या. लक्ष नसलेला चालक तेवढ्या आधी ब्रेक मारत नाही. मग मी दुभाजक बघितला. काँक्रीटचं कापलेलं तोंड पांढरंशुभ्र होतं. जुन्या तुटलेल्या काँक्रीटवर धूळ, काळपटपणा, तेलाचे डाग बसतात. इथे काहीच नव्हतं. मधली कण्हेर मुळासकट उपटलेली, आणि चाकं सहज चढावीत म्हणून वर ताजा मुरूम दाबून बसवलेला.

हवालदारांनी सवयीने लिहिलं, 'दुभाजकामधील मोकळ्या जागेत.'

"मोकळी जागा नको," मी म्हणालो. "तोडलेला दुभाजक असं लिहा."

ते थांबले. "साहेब, आपल्या हद्दीत असले कट पुष्कळ आहेत. कुणी लिहीत नाही. लिहिलं की पुढचा प्रश्न येतो."

"येऊ दे की."

पुढचा प्रश्न म्हणजे, कुणी तोडला? महामार्गाच्या कार्यालयात पत्र पाठवलं. तिथले अभियंता नकाशा घेऊन आले. नकाशात त्या ठिकाणी वळण नव्हतंच. आमच्या परवानगीशिवाय कुणीतरी फोडलंय, असं त्यांनी लेखी दिलं. जामिनावर सुटलेल्या ट्रकचालकाला मी पुन्हा विचारलं, तेव्हा तो आठवून म्हणाला, "अपघाताच्या चार-पाच रोज आधी तिथं भगव्या जाकीटवाली मान्सं काम करत होती साब. रस्त्यावर प्लास्टिकचे शंकू लावलेले. सरकारी काम असंल म्हणून मी गाडी हळू केली. नंतर ते काम झालेलं मी बघितलंच न्हाई. परतीला रेल्वेच्या कामाचं भाडं लागलं, होटगीकडच्या दुसऱ्या रस्त्यानं गेलो."

दिवसाढवळ्या, जाकिटं घालून, शंकू लावून! रस्त्यावर भगवं जाकीट दिसलं की कुणी परवानगी विचारत नाही. मीही विचारली नसती.

कट बरोबर एका मोठ्या हॉटेलसमोर होता. अक्कलकोटला दर्शनाला जाणाऱ्या गाड्या त्याच बाजूने जात, पण दर्शन घेऊन परतणाऱ्या गाड्या पलीकडच्या बाजूला. त्या जेवायला थांबाव्यात तर मधे रस्ता हवा. मी हॉटेलात गेलो. मालक गोड माणूस. खुर्ची पुढे केली, चहा मागवला, माझ्या गावाची चौकशी केली.

"लोकांची सोय झाली साहेब," तो म्हणाला. "पुण्याचं काम म्हणायचं."

"केलं कुणी?"

"गावानं."

"गावानं म्हणजे कुणी?"

"गाव म्हणजे गाव की साहेब. आता कुणाकुणाची नावं सांगू? आन झालेल्या गोष्टीत काय ठेवलंय? ट्रकवाला सापडलाय तुम्हाला."

मी चहा न पिता उठलो. संध्याकाळी तालुक्यातल्या एका पुढाऱ्याचा फोन आला. "फिर्याद आहे, आरोपी आहे, आणखी काय हवं तुम्हाला?" मी म्हणालो, "गुन्हा कसा घडला ते हवंय." पलीकडून फोन ठेवला गेला. अशा फोनचा एक फायदा असतो. आपण योग्य दारावर थाप मारली आहे, हे त्यातून कळतं.

पण गावात कुणी तोंड उघडेना. त्या भागात मराठी आणि कानडी एकाच वाक्यात बोलतात. आम्ही दिसलो की पारावरचं बोलणं पूर्ण कानडीत व्हायचं आणि आम्ही जवळ गेलो की थांबायचं. त्यात भीती होती तशी अडचणही होती. कट सगळेच वापरत होते. कट कुणी पाडला हे सांगणं म्हणजे तो बंद करायला सांगणं.

मग एका सकाळी ठाण्याच्या फोनवर एक वयस्कर आवाज आला. "नाव इचारू नका. कट कुणी पाडला त्ये बी इचारू नका, कुणी सांगनार न्हाय. कशानं पाडला त्ये बगा. गावात मशीन एकच हाय." फोन बंद. तो माणूस कोण होता हे मला शेवटपर्यंत कळलं नाही, आणि मी शोधलंही नाही.

मी हवालदारांना घेऊन पुन्हा कटवर गेलो. बाजूला ढकलून दिलेले काँक्रीटचे तुकडे उलटेपालटे करून पाहिले. त्यांच्या कडांवर अर्धगोल खाचा होत्या, एका ओळीत, सारख्या अंतरावर. विहीर फोडताना खडकात यंत्राने छिद्रं पाडतात, तशा. त्यासाठी कॉम्प्रेसर बसवलेला ट्रॅक्टर लागतो.

"गावात कॉम्प्रेसरचा ट्रॅक्टर कुणाचा आहे?" मी विचारलं.

हवालदारांनी हातातला तुकडा खाली ठेवला. मग खालच्या आवाजात म्हणाले, "आपल्या फिर्यादीचा."

आम्ही दोघे तिथे दुभाजकाच्या कडेला उभे होतो. दोन्ही बाजूंनी गाड्या जात होत्या. ज्याचा बाप तिथे गेला, ज्याची बायको तिथे मोडून पडली, त्याच्याच यंत्राने ती जागा केली होती.

"साहेब, फिर्यादीलाच आरोपी करायचं?" हवालदारांनी विचारलं. "घरात सुतक आहे."

"तेरावं होऊ दे," मी म्हणालो. "तोवर कुणाला काही बोलायचं नाही."

तेराव्यानंतर त्याला ठाण्यात बोलावलं. कोठडीच्या बाजूला नेलं नाही. माझ्या खोलीत खुर्चीवर बसवलं, पाणी दिलं. चौकशी म्हणजे दरडावणं, असं लोकांना वाटतं. माझा अनुभव असा की माणूस आपल्या कामाबद्दल बोलायला लागला की आपोआप मोकळा होतो. मी विहिरींबद्दल विचारलं. कुठे काळा पाषाण लागतो, कुठे मुरूम, छिद्रं किती अंतरावर घ्यायची. तो बोलू लागला. त्या भागातल्या कितीतरी विहिरी त्याने फोडल्या होत्या. बोलताना त्याचे हात आपसूक हलत होते. मग मी टेबलाखालून पंचांसमक्ष जप्त केलेला काँक्रीटचा तुकडा काढून समोर ठेवला.

ज्याला काही माहीत नसतं तो समोर ठेवलेली वस्तू उचलून निरखतो. ज्याला माहीत असतं तो तिच्याकडे बघत नाही. त्याने बघितलं नाही.

"माझं मशीन त्या आठवड्यात भाड्यानं भायेर हुतं," तो म्हणाला.

"कुठे?"

"आठवत न्हाय."

मी त्याला जाऊ दिलं. हवालदार नाराज झाले. पण मला त्याच्या चेहऱ्यावर सराईतपणा दिसला नाही. दिसलं ते एवढंच की त्याला झोप नव्हती.

आशाताई अजून सोलापुरात रुग्णालयात होती. मांडीत सळई घातलेली, पाय वजनाला बांधलेला. तिचा सविस्तर जबाब बाकी होता. आमच्या महिला पोलीस नाईक आणि मी दुपारच्या भेटीच्या वेळी गेलो. नवरा बाहेर औषधं आणायला गेला होता.

"ताई, ट्रक कसा आला?" आमच्या बाईंनी विचारलं.

"त्याची काय चूक न्हाय बाई," ती लगेच म्हणाली. "त्यानं लई ब्रेक मारला. आवाज मला आजून ऐकू येतो. मीच बगितलं न्हाय नीट. कण्हेर आडवी येत हुती, पलीकडच्या बाजूचं दिसतच नव्हतं, मी तिकडंच बगत ऱ्हायले. मामा मागनं म्हनत हुते, निधान होगव्वा, निधान." म्हणजे, हळू जा गं, हळू. मामा म्हणजे सासरे. थोड्या वेळाने हेल्मेटचा विषय निघाला तेव्हा तिच्या चेहऱ्यावर पुसटसं हसू आलं. "तुमच्या त्या म्हाताऱ्या हवालदारानं पावती फाडली हुती माझी, म्हनून घेतलं. मनात लई शिव्या दिल्या हुत्या त्यांना. त्यांना सांगा."

मी जबाबाच्या शेवटी विचारलं, "तो कट कुणी पाडला, तुम्हाला माहीत आहे?"

तिने डोळे मिटले. "मला नवऱ्याविरुद्ध बोलायला लावू नका साहेब," ती म्हणाली. ते एकच वाक्य. ते आम्ही जबाबात लिहिलं नाही. तिच्यावर तशी सक्ती करणं मला पटत नव्हतं. आम्ही उठलो तेव्हा तिनेच थांबवलं. "एक करा. त्या ट्रकवाल्याला हितं घेऊन या. मला त्याला बगायचंय. हे आसताना आना."

ही गोष्ट नियमांच्या पुस्तकात बसणारी नव्हती. पण तो चालक स्वतःच रुग्णालयाच्या फाटकापर्यंत येऊन तिची विचारपूस करून जात होता आणि नातेवाईक त्याला हाकलून देत होते, हे आम्हाला कळलं होतं. डॉक्टरांची परवानगी घेतली. दुसऱ्या दिवशी दुपारी तो आला. धुतलेला शर्ट, हातात केळी. सोबत महिला नाईक आणि मी. नवरा खाटेच्या उशाशी उभा होता. चालकाला बघून तो ताठ झाला.

चालक खाटेच्या पायाशी थांबला. त्याला मराठी चांगलं येत होतं, पण त्या वेळी घरची भाषाच तोंडात आली.

"बेटी, मैं भोत ब्रेक मारा. गाडी रुकीच नै."

"मला ठाव हाय चाचा," आशाताई म्हणाली. "मी ऐकलाय तो आवाज. तुमी मला उचलून जीपमंदी घातलं त्ये बी ठाव हाय. बसा."

तो बसला नाही. तो नवऱ्याकडे वळला, हात जोडले आणि म्हणाला, "भाऊ, तुमचे वडील माझ्या गाडीखाली गेले. मला माफ करा. कोर्ट काय करंल ते करंल, तुमी माफ करा."

नवऱ्याने त्याच्या जोडलेल्या हातांकडे पाहिलं. मग बायकोकडे. ती त्याच्याकडेच बघत होती. रागाने नाही, विनवणीनेही नाही. वाट बघावी तशी.

"तुमी हात जोडू नका," नवरा म्हणाला. "तुमी न्हाय. तुमी नका जोडू." तो खाली फरशीवर बसला आणि कपाळावर मुठी मारून घेऊ लागला. "साहेब, मशीन माजं. फोडलं मी. आप्पा म्हनले हुते, सरकारचा रस्ता हाय, हात लावू नगो. मी ऐकलं न्हाय. माज्या आप्पाला मीच मारलं की!"

ज्याला तो जेलमध्ये घालायला निघाला होता, त्या चालकानेच त्याला खांद्याला धरून उठवलं. तीस वर्षांहून जास्त नोकरीत मी अनेक कबुल्या ऐकल्या. तशी दुसरी ऐकली नाही.

पोलिसांसमोरच्या कबुलीला न्यायालयात किंमत नसते. म्हणून त्याला विचार करायला वेळ दिला, वकिलाचा सल्ला घेऊ दिला, आणि मग त्याने दंडाधिकाऱ्यांसमोर स्वतःहून जबाब नोंदवला. हॉटेलमालकाने त्याला बोलावलं होतं. 'वरून परवानगी आणलीय, तू फक्त फोडून दे,' असं सांगितलं होतं. जाकिटं आणि शंकू हॉटेलमालकानेच आणून दिले होते. ते कुठे ठेवलेत, हेही त्याने सांगितलं. आम्ही पंच घेऊन हॉटेलच्या मागच्या कोठारात गेलो. तेलाच्या डब्यांमागे जाकिटं घडी करून ठेवलेली होती, काहींवर काँक्रीटची पांढरी भुकटी अजून होती. त्याच्या यंत्राच्या ड्रिलची जाडी आणि तुकड्यांवरच्या खाचा तज्ज्ञांनी जुळवून दाखवल्या.

हॉटेलमालकाला अटक करून आणलं तेव्हा त्याचा गोडवा शिल्लक होता. "जाकिटं माझी, मान्य. दुभाजक फोडायला लावला, तेही धरा. पण ट्रक काय मी चालवत होतो?"

"नाही," मी म्हणालो. "पण ट्रकच्या समोर त्या दोघांना कुणी आणलं?"

तो प्रश्न मी नंतर न्यायालयात सरकारी वकिलांच्या तोंडूनही ऐकला.

आम्ही सदोष मनुष्यवधाचं कलम लावलं होतं. ते टिकलं नाही, हेही सांगायला हवं. पण निष्काळजीपणामुळे मृत्यू आणि सार्वजनिक मालमत्तेचं नुकसान, हे दोन्ही सिद्ध झालं आणि हॉटेलमालकाला कैदेची शिक्षा झाली. आशाताईचा नवरा माफीचा साक्षीदार झाला. साक्षीच्या दिवशी उलटतपासात वकिलाने त्याला खूप टोचलं. बापाच्या मरणाचा सौदा करतोस का, इथपर्यंत. तो कठड्याला धरून उभा राहिला आणि प्रत्येक प्रश्नाला तेच सांगत राहिला: "मी फोडला. त्यांनी सांगितलं म्हनून फोडला. ट्रकवाल्याची चूक नव्हती." अपील झालं असेल-नसेल, मला तेवढं पुरेसं होतं. ट्रकचालकाविरुद्ध पुरावा नसल्याचा अहवाल आम्ही आधीच पाठवला होता. परवाना हातात पडला त्या दिवशी तो ठाण्यात पेढे घेऊन आला. आम्ही पोलीस लोकांकडून काही घेत नाही, पण त्या दिवशी सगळ्या ठाण्याने ते पेढे खाल्ले आणि मी कुणाला अडवलं नाही.

खरं काम मात्र खटला उभा राहण्याआधीच सुरू झालं होतं. पोलीस अधीक्षकांनी हे प्रकरण गुन्हे बैठकीत ठेवलं आणि आदेश काढला: जिल्ह्यात मृत्यू झालेल्या प्रत्येक अपघाताच्या पंचनाम्यात रस्त्याचीही पाहणी नोंदवायची. दुभाजक, कट, फलक, अंधारी जागा, सगळं. महामार्गाच्या अधिकाऱ्यांबरोबर आम्ही हद्दीतले बेकायदा कट बंद करायला लागलो. जिथे कट बुजला तिथे नवीन गुन्हा सुरू झाला, तो म्हणजे उलट्या दिशेने येणाऱ्या गाड्या. मग आमचे हवालदार सकाळच्या वेळी तिथे उभे राहून दंडाच्या पावत्या करायला लागले. लोक त्यांच्या नावाने बोटं मोडत. ते मला म्हणत, "मोडू द्या साहेब. एका बाईच्या शिव्यांनी मला पुण्य लागलंय."

हॉटेलसमोरचा कट बंद करायला गेलो त्या दिवशी गाव रस्त्यावर उतरलं. माणसं जेसीबीसमोर बसली. त्यांचंही चुकत नव्हतं. शेतावर जायला रोज तो लांबचा वळसा कोण घालणार? मी समजावत होतो, कुणी ऐकत नव्हतं. तेवढ्यात आशाताई नवऱ्याच्या आधाराने, कुबड्यांवर आली. गर्दीने वाट करून दिली.

"वळसा मोठा हाय, मला बी ठाव हाय," ती म्हणाली. "मी घरोघर फिरते, माझ्याइतका कुनाला जड जात न्हाय. पन त्या दिवशी मी वळसा घातला असता तर मामा घरी आले असते. आता हितं बसायचं असंल तर बुजवू नका म्हनून बसू नका. खालनं रस्ता द्या म्हनून बसा. मी बी बसते."

आणि ती खरंच बसली. पाय सरळ लांब करून, रस्त्याच्या कडेला. बघता बघता आंदोलनाची मागणी बदलली. त्या दिवशी कट बुजवला गेला आणि भुयारी मार्गाचं निवेदन माझ्याच हातात पडलं. ते मी स्वतः जिल्ह्याच्या रस्ता सुरक्षा समितीपुढे मांडलं, अपघाताच्या सगळ्या कागदांसह. मंजुरीला वेळ लागला, निविदा रखडली, मधे अधिकारी बदलले. आशाताई प्रत्येक नवीन अधिकाऱ्याकडे गेली. एकदा तर थेट समितीच्या बैठकीत जाऊन उभी राहिली. मी निवृत्त होण्याच्या थोडं आधी तो मार्ग सुरू झाला.

त्या दिवशी मी तिथे गेलो होतो. फीत कापायला पुढारी होते, भाषणं झाली. भाषणात आमच्या ठाण्याचा उल्लेख नव्हता आणि त्याचं मला काही वाटलं नाही. गर्दी पांगल्यावर आशाताई माझ्याजवळ आली. तिची चाल थोडी लंगडी राहिली आहे. "साहेब, आता वळसा न्हाय आन भ्या बी न्हाय," ती म्हणाली. तिच्यामागून एक म्हातारी दोन शेळ्या घेऊन त्या मार्गातून निवांत पलीकडे गेली. तिला ना दंडाधिकारी माहीत होते, ना पंचनामा. वरून ट्रक जात होते.

या प्रकरणाने मला काय शिकवलं, असं निवृत्तीनंतर प्रशिक्षणार्थी उपनिरीक्षकांनी एकदा विचारलं. मी त्यांना सांगितलं की अपघात झाला की आपण विचारतो, गाडी कोण चालवत होतं? तो प्रश्न बरोबर आहे, पण तिथे थांबू नका. तो अपघात तिथेच का झाला, हेही विचारा. कायदा कडक असून भागत नाही. पंचनाम्यात एक खरा शब्द लिहायची तयारी लागते, आणि पावती फाडताना शिव्या खायची.

गुन्हा उघडकीला आला की त्याची फाइल होते, प्रशस्तिपत्र मिळतं. न झालेल्या अपघाताची कुठल्याच ठाण्यात नोंद होत नाही. त्या जागी त्यानंतर एकही माणूस दगावलेला नाही. कोण वाचलं ते कुणालाच सांगता येणार नाही, त्यांना स्वतःलाही नाही. माझ्या नोकरीचा अभिमान मला विचाराल तर तो तिथे आहे.